बाहेरचं आडनाव

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी चहाचं आधण ठेवलं होतं, तेवढ्यात दारातून हाक आली, “बाई आहेत का घरात?” शाळेतून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली, पण गावात अजून मला ‘बाई’ म्हणणारी माणसं आहेत. बाहेर येऊन बघते तर अत्तारांची लेक. तिचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. पाचवीला माझ्या वर्गात होती. आता चाळिशीला आलेली. सोबत तिची मुलगी, तीही पाचवीतच, हातात वही आणि पेन.

“बाई, हिला शाळेतून प्रकल्प दिलाय. आपल्या आडनावाची माहिती लिहून आणायची. म्हटलं, तुम्हालाच विचारावं. मला तर एवढंच माहीत आहे की आमचं आडनाव बाहेरचं आहे. तुम्हीच सांगितलं होतं ना वर्गात?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. बाईंनी सांगितलं म्हणजे ते खरंच असणार, इतक्या साधेपणानं ती बोलली. मला मात्र चटका बसल्यासारखं झालं. आत चहा उतू गेला, त्याचंही भान राहिलं नाही.

मला तो तास आठवत होता. १९९६ सालचा. मराठीच्या तासाला मीच मुलांना घरून आडनावांचे अर्थ विचारून यायला सांगितलं होतं. एकेक जण उठून सांगत होता. सुतार म्हणाला, आम्ही लाकूडकाम करायचो. लोहार, कुंभार, कुलकर्णी, पाटील, सगळ्यांचं झालं. मग ही उठली. छान दोन वेण्या, रिबिनी बांधलेल्या. म्हणाली, “आम्ही अत्तार. म्हणजे अत्तर विकणारे.” मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, “बाई, ते इथलं नाहीच! अरबस्तानातलं आहे!” वर्ग हसला. हा पोरगा सराफांचा, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि मी काय केलं? त्याला गप्प बसवलं, पण म्हणाले, “हो, ते अरबी आहे, बाहेरून आलेलं. बस खाली.” आणि पुढचं नाव घेतलं. ती बसली. त्यानंतर वर्षभरात तिनं कधी आपणहून हात वर केल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा मला ते फार मोठं वाटलं नव्हतं. निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयात बसायची सवय लागली. एकदा शब्दकोडं सोडवताना दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा खंड काढला. त्यात शब्दापुढं कंसात तो कुठल्या भाषेतून आला ते दिलेलं असतं. सहज म्हणून ‘इनाम’ काढला. कारण मी इनामदारांची सून. पुढं लिहिलेलं, अरबी! ‘इनाम’ अरबी आणि ‘दार’ म्हणजे बाळगणारा, हे फारसी. माहेर माझं चिटणीसांचं. त्यातला ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. म्हणजे माहेर आणि सासर मिळून मी अरबी-फारसी, आणि मी त्या लेकराला सांगितलं, तुझं आडनाव बाहेरचं!

चूक कळली होती. पण चूक ज्याच्याबाबतीत झाली त्याच्या दारापर्यंत जाऊन सांगायला पाय उचलत नाहीत. आपणच आपली समजूत घालतो, तिला कुठं आठवत असेल आता? तर तिला अक्षरन् अक्षर आठवत होतं.

दुसरा चहा टाकला. मुलीला म्हटलं, “बस गं माझ्याशेजारी, आणि लिहून घे.”

मुळात शब्द आहे ‘इत्र’. अरबीत इत्र म्हणजे सुगंध, सुवासिक द्रव्य. आपण त्याचं अत्तर केलं. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या पायावर उभे असतात. तीच तीन अक्षरं वेगवेगळ्या साच्यांत घालायची की वेगवेगळे अर्थ निघतात. त्यातला एक साचा कामधंद्याचा. मधलं अक्षर जोडून म्हणायचं आणि त्यापुढं लांब ‘आ’ लावायचा. सुगंधाच्या अक्षरांना हा साचा लावला की झाला ‘अत्तार’, म्हणजे सुगंधाचा व्यापार करणारा.

आता गंमत बघा. ओझं वाहणं या अर्थाच्या अक्षरांना तोच साचा लावला की होतो ‘हम्माल’. आपला हमाल! नाणी बदलून देणारा तो ‘सर्राफ’. आपला सराफ! वाट दाखवणं, यावरून ‘दल्लाल’, म्हणजे घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला एकमेकांची वाट दाखवणारा. आपला दलाल! भाजीपाल्याला अरबीत ‘बक्ल’ म्हणतात, त्यावरून ‘बक्काल’. ‘वाणी-बकाल’ म्हणतो ना आपण, त्यातला बकाल तो हाच.

म्हणजे अत्तार, सराफ, दलाल, हमाल ही सगळी एका साच्यातून निघालेली भावंडं. बाजारात हमाल हाक मारताना किंवा सराफाच्या पेढीवर बसताना आपल्याला कधी वाटतं का, की हे शब्द परके आहेत? अशोक सराफ यांचं नाव घेताना वाटतं? चित्रकार दीनानाथ दलालांचं घेताना वाटतं? एका भावंडाला घरात घेतलं आणि दुसऱ्याला उंबऱ्यावर उभं केलं, असंच झालं की हे!

मुलगी हसायला लागली. म्हणाली, “म्हणजे आमच्या वर्गातली सराफ माझी बहीण?” म्हटलं, “शब्दाच्या नात्यानं, हो.”

तिच्या आईनं मग आणखी एक दुखणं सांगितलं. हिच्या दाखल्यावर ‘अत्तार’, वडिलांच्या कागदावर ‘आतार’, आजोबांच्या सातबाऱ्यावर आणखी तिसरंच. एका कार्यालयात खेटे घालून घालून घरचे इतके वैतागले, की हिच्या कागदांवर सरळ ‘शेख’ लावून मोकळं व्हावं असं तिच्या मालकांच्या मनात आलंय. “मी म्हटलं, थांबा, आधी बाईंना विचारून बघते.” म्हणजे प्रश्न नुसता शाळेच्या प्रकल्पाचा नव्हता तर.

दाखल्याचं काम माझ्या हातात नाही. पण आतार आणि अत्तार हे एकच, एवढं मी सांगू शकत होते. मराठी जिभेला मधलं जोडाक्षर जड जातं. सर्राफचा सराफ झाला, हम्मालचा हमाल झाला, तसाच अत्तारचा आतार झाला. म्हणजे ती कुणा कारकुनाच्या हातून झालेली नुसती चूक नव्हे. हे आडनाव इथल्या लोकांच्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या घोळल्याची ती खूण आहे. पाहुण्याच्या नावाचा उच्चार आपण जपून करतो. घरच्याच्या नावाचा असा लाडानं चेंदामेंदा करतो.

मग अर्थाकडं वळलो. आपल्याला वाटतं, अत्तार म्हणजे फक्त कुप्या विकणारा. अरब देशांतला अत्तार त्याहून मोठा आसामी. त्याच्या दुकानात सुगंधाबरोबर मसाले, केशर, मेंदी, वाळलेल्या गुलाबकळ्या, औषधी मुळ्या, सगळंच. जुन्या काळी वैद्याचं निम्मं काम त्याच्याकडं. इजिप्तमध्ये आजही अशा दुकानांतून जडीबुटी नि मसाले मिळतात. तुर्कस्तानात याच शब्दाचं ‘अक्तार’ झालं, तोही जडीबुटीवालाच.

या लोकांचे स्वतंत्र बाजार असत. ट्युनिस शहरात झैतूना मशिदीला लागूनच ‘सूक अल-अत्तारीन’ म्हणजे अत्तारांचा बाजार आहे. दुर्गंधी येणारे, धूर-आवाज करणारे धंदे लांब आणि सुगंधाचा धंदा प्रार्थनास्थळाच्या अगदी अंगाला, अशी जुनी रीत. मोरोक्कोतल्या फेझ शहरात अत्तारांच्या बाजाराच्या तोंडाशी १३२३ ते १३२५ या काळात बांधलेली एक देखणी विद्याशाळा आहे, तिचं नावच अत्तारीन. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावातलं हिच्या आजीचं दुकान आठवलं. देवळाच्या अगदी कोपऱ्यावर. कुंकू, बुक्का, अष्टगंध, उदबत्त्या आणि काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेल्या अत्तराच्या इवल्या कुप्या. नवी नवरी होऊन आले तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अत्तर आणायला मी तिथंच गेले होते. चाचींनी माझ्या हाताच्या पालथ्या बाजूला हिना, मोगरा, खस असं एकेक लावून दाखवलं आणि म्हणाल्या, “घाई करू नका, घरी जाऊन वास घ्या. अत्तर लगेच खरं बोलत नाही.”

या आडनावाची माणसंही मुलीला सांगितली. इराणातल्या निशापूरचे फरीदुद्दीन अत्तार हे बाराव्या-तेराव्या शतकातले मोठे सूफी कवी. त्यांचा धंदा औषधांचा, म्हणून कवितेत नाव घेतलं अत्तार. त्यांची पक्ष्यांची गोष्ट जगभर वाचली जाते. सगळे पक्षी आपला राजा सीमुर्ग याला शोधायला निघतात, सात दऱ्या ओलांडतात, शेवटी तीसच उरतात. आणि त्यांना कळतं, आपण ज्याला शोधत होतो तो आपणच. कारण फारसीत ‘सी मुर्ग’ म्हणजेच तीस पक्षी!

कैरोचे हसन अल-अत्तार हे तिथल्या अल-अझहर या प्रसिद्ध विद्यापीठाचे प्रमुख झाले. १८३५ साली ते वारले. वडिलांचं दुकान अत्ताराचं, म्हणून हे आडनाव. नावाआधीच्या ‘अल’चा अर्थ एवढाच, की तो अमुक, आपल्याला माहीत असलेला.

हे आडनाव फक्त मुसलमानांचंच, असंही नाही बरं का. मोरोक्कोत १६९६ साली जन्मलेले ज्यू धर्मपंडित हाईम इब्न अत्तार यांचंही आडनाव तेच. इब्न म्हणजे पुत्र, अत्ताराचा पुत्र. आडनाव धंद्याचं आहे, धर्माचं नाही. जसे अरब देशांत ‘हद्दाद’ असतात म्हणजे लोहार, ‘नज्जार’ असतात म्हणजे सुतार. त्यांतही मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत. माझ्या त्या पाचवीच्या वर्गातले लोहार-सुतार आणि दमास्कसमधले हद्दाद-नज्जार, अर्थानं एकच की!

दमास्कसवरून आठवलं. नजाह अल-अत्तार या तिथल्या लेखिका. १९७६ पासून २००० पर्यंत त्या सीरियाच्या संस्कृतिमंत्री होत्या आणि २००६ साली उपराष्ट्रपती झाल्या. अरब देशांत हे पद मिळालेली पहिली बाई. आणि अत्तार हे त्यांचं माहेरचं आडनाव. अरब देशांत लग्न झालं म्हणून बाई सहसा आडनाव बदलत नाही, बापाचंच लावते. त्यांचे सख्खे भाऊ इसाम अल-अत्तार त्याच राजवटीचे कट्टर विरोधक होते आणि जर्मनीत परागंदा राहिले. भाऊ एकीकडं, बहीण दुसरीकडं, पण आडनाव दोघांचं तेच.

हे ऐकल्यावर आमची विद्यार्थिनी पहिल्यांदा खुलून हसली. “बाई, माझं तर माहेरही अत्तार, सासरही अत्तार. न बदलताच राहिलं!” म्हटलं, “नशीबवान आहेस. माझं बदललं, तेव्हा शाळेच्या कागदांसाठी मी दोन वर्षं खेटे घातलेत.”

सुगंधाच्या या सगळ्या गोष्टीत बाईमाणूस कुठं, असं तुम्ही विचाराल. तर तीही आहे. गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहाँनं लावला असं आपण ऐकतो. पण खुद्द जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत श्रेय दिलंय ते नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगमला. ती गुलाबपाणी करत होती. गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतलं की वर एक तवंग येई. तो तिनं थोडा थोडा करून जमवला, तर त्याच्या एका थेंबानं सगळी मैफल दरवळावी असा त्याचा वास. जहांगीरनं तिला मोत्यांचा सर दिला आणि सलीमा सुलतान बेगमनं त्या अत्तराचं नाव ठेवलं इत्र-ए-जहांगिरी. नाव बादशहाचं, पण हात बाईचा आणि शोधही स्वयंपाकघरातल्यासारखाच. दुधावरची साय जमवावी तसा!

पण आमच्या गावात हे आडनाव आलं कसं, असा मुलीचा नेमका प्रश्न. १३४७ साली दख्खनेत बहामनी राज्य सुरू झालं, पुढं आदिलशाही, निजामशाही आली. दरबारची भाषा फारसी, आणि फारसीत अरबी शब्दांची खच्चून भरणा. हुद्द्यांची, धंद्यांची नावं त्या भाषेत पडली. ज्याच्याकडं किल्ला तो किल्लेदार. हिशेबाची एकूण बेरीज म्हणजे मजमू, ती ठेवणारा मुजुमदार. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, तो लिहिणारा फडणीस. आणि सुगंध विकणारा अत्तार. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास कारभारातले हे शब्द बदलायला घेतले, रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला. मुजुमदाराला अमात्य म्हटलं, वाकनिसाला मंत्री. दरबारात नवे शब्द आले. पण घराघरांतली आडनावं तशीच राहिली. आज अमात्य आडनावाच्या माणसापेक्षा मुजुमदार आडनावाचा माणूस आपल्याला सहज भेटतो. पुढं कवी माधव ज्यूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांनी मराठीतले असे शब्द शोधून १९२५ साली अख्खा फार्शी-मराठी कोश केला. एवढा मोठा ग्रंथ व्हावा, इतके ते शब्द आपल्यात मुरलेले.

आज सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागात आणि पलीकडं बेळगाव-विजापूरकडंही अत्तार आणि आतार भेटतात. शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, एसटीत वाहक आहेत. अत्तर विकणारे थोडेच उरलेत, जसे पाटीलकी करणारे पाटीलही उरले नाहीत.

आणि मुख्य गोष्ट मी मुलीला अधोरेखित करून लिहायला लावली. आडनाव अरबी आहे म्हणून माणसं अरबस्तानातून आली असं होत नाही. इनाम अरबी आहे म्हणून माझे सासरे काही मक्केहून आले नव्हते. ते इथल्याच मातीतले, आणि चाचीही इथल्याच. शब्द लांबून चालत आला, इथं थांबला, इथल्या माणसांनी तो अंगावर घेतला. सहाशे-सातशे वर्षं जो शब्द आपल्या बाजारात, देवळाच्या कोपऱ्यावर, हळदीकुंकवाच्या तबकात राहतोय, त्याला अजून किती वर्षं बाहेरचा म्हणायचं?

मैत्रिणींनो, तुम्हीही एकदा हा खेळ करून बघा. आपलं, जावांचं, शेजारणीचं आडनाव घ्या आणि वाचनालयातला जाडा शब्दकोश उघडा. सुभेदार, हवालदार, जमादार, सबनीस, पोतनीस, दफ्तरदार... आपल्याच घरात किती दूरदूरच्या वाटा येऊन मिळाल्यात ते दिसेल. आणि मुलं शाळेतून असा प्रकल्प घेऊन आली, तर कुठल्याही आडनावाला ‘आपलं’ किंवा ‘परकं’ असा शिक्का मारण्याआधी जरा थांबा. मी थांबले नव्हते.

संध्याकाळ झाली. वहीची पाच पानं भरली होती. मुलगी अंगणात चपला घालत होती. तिची आई मागं रेंगाळली. तिनं शेख लावायचं की अत्तार ठेवायचं हे मी विचारलं नाही, तो त्यांच्या घरचा निर्णय. ती एवढंच म्हणाली, “बाई, हे तेव्हा सांगितलं असतंत तर...” आणि वाक्य अर्धंच सोडलं.

मी म्हटलं, “चुकलं माझं. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण माहीत नसताना बोलले, हे जास्त चुकलं.” ती घाईघाईनं “असं काय म्हणता बाई” म्हणत माझ्या पाया पडायला वाकली. मी तिचे हात धरले.

ती गेल्यावर बराच वेळ पायरीवर बसून होते. वाटलं, माफी मागितली खरी, पण चार भिंतींच्या आत, एकटीजवळ. चुकीचं बोलले होते ते मात्र भरल्या वर्गात, पन्नास पोरांसमोर. ती पोरं आता मोठी झालीत, संसारात पडलीत. त्यांतला तो सराफ बाजारपेठेत आपल्या पेढीवर बसतो. पुढच्या वेळी गेले की त्याला त्याच्या आडनावाची गोष्ट सांगणारच आहे. पण बाकीच्यांना कुठं गाठणार? त्यांच्यातल्या काहींच्या घरी ही पुरवणी येत असेल. म्हणून हे सगळं इथं लिहिलं. त्या दिवशीचा तास माझ्याकडून चुकला होता, मुलांनो. अत्तार हे आडनाव आपलंच आहे.